ताई, ते ३० सेकंद सापडले

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. ओळख ना पाळख, एका सहकाऱ्याकडून नंबर मिळाला म्हणून फोन केलेल्या माझ्यासाठी तुम्ही चार संध्याकाळी खर्च केल्यात.

आमच्या कार्यालयातले १६ कॉम्प्युटर सकाळी सुरू व्हायचे ते झटपट, पण नेटवर्क यायला कधी अर्धा मिनिट, तर कधी चांगलं मिनिटभर. तेवढ्यात कुणी लॉगिन करायला गेलं की सर्व्हर सापडत नसल्याचा संदेश यायचा आणि शेअर्ड फोल्डरवर लाल फुली दिसायची. एकदा जोडणी झाली की दिवसभर काही तक्रार नसायची. त्यामुळे दुपारी तपासायला कुणी आलं की सगळं ठणठणीत! समोर माणसं खोळंबलेली असताना रिकाम्या पडद्याकडे बघत बसणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

तुम्हाला फोन करेपर्यंत मी केबल बदलल्या होत्या, नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर नव्याने टाकले होते, एक मशीन तर फॉरमॅट करून पुन्हा उभं केलं होतं. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "किती सेकंद लागतात?" मी म्हटलं, "बराच वेळ लागतो." त्यावर तुम्ही म्हणालात, "बराच नको, आकडा सांगा. घड्याळ लावा आणि उद्या सांगा."

त्या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे. पाच-पाच सेकंदांचे टप्पे पडत असतील तर डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेकडे बघायचं, कारण लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर एका डीएनएस सर्व्हरच्या उत्तराची वाट मुळात ५ सेकंद पाहिली जाते. दीड मिनिट असेल तर एखादी सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्राम) सुरूच न होता मुदत संपेपर्यंत अडकलेली असू शकते. आणि आकडा तिसाच्या आसपास घोटाळत असेल तर कॉम्प्युटर सोडायचा आणि स्विचपाशी, म्हणजे सगळ्यांच्या केबल जिथे येऊन जुळतात त्या पेटीपाशी जायचं. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. मला सगळ्यांनी उपाय सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी लिनक्सच्या एका मशीनची सुरुवातीची नोंद तुम्हाला वाचून दाखवली. सहाव्या सेकंदाला लिंक, म्हणजे केबलवरून स्विचशी जोडणी, जुळली होती आणि आयपी पत्ता (नेटवर्कवरची कॉम्प्युटरची ओळख) मिळाला होता सहासष्टाव्या सेकंदाला. शेजारच्या मशीनला मात्र ३१ सेकंदांतच मिळाला होता. मी गोंधळले. एकाला तीसच्या आसपास, दुसऱ्याला साठ, मग धरायचं काय? तेव्हा तुम्ही मला वहीत आकडे मांडायला लावलेत. पत्ता मागणारा कॉम्प्युटर डीएचसीपीची (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या पद्धतीची) पहिली हाक मारतो, उत्तर आलं नाही तर ४ सेकंदांनी पुन्हा, मग ८, मग १६, मग ३२ सेकंद थांबून. १९९७ सालच्या आरएफसी २१३१ या त्या पद्धतीच्या नियमपत्रात हेच अंतर सुचवलेलं आहे, दर वेळी एखादा सेकंद मागेपुढे धरून. म्हणजे हाका पडतात शून्य, ४, १२, २८ आणि ६० सेकंदांना. वाटेतलं एखादं दार तिसाव्या सेकंदाला उघडत असेल, तर अठ्ठाविसाव्या सेकंदाची हाक बंद दारावर आपटते आणि पुढची थेट साठाव्याला. ज्या मशीनची चौथी हाक त्या मागेपुढेमुळे तिसाच्या पलीकडे सरकली, त्याचं काम अर्ध्या मिनिटात झालं. मी ज्याला मशीनचा लहरीपणा म्हणत होते, तो त्या वहीच्या पानावर चार बेरजांत उलगडला. विंडोजच्या मशीनवर मध्येच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता का दिसायचा, तेही तेव्हाच समजलं: देणारं कुणी भेटलं नाही की कॉम्प्युटर तो पत्ता स्वतःच घेतो.

आणि दार कुणाचं, हे सांगून न टाकता तुम्ही मला ते बघायला लावलंत. कपाटात पडलेला आमचा जुना, पाच पोर्टचा (केबल जोडायच्या पाच खाचांचा) साधा स्विच मी भिंतीतलं सॉकेट आणि एक कॉम्प्युटर यांच्या मध्ये जोडला. मशीन रीस्टार्ट केलं. लॉगिनचा पडदा येईतो नेटवर्क हजर! मी तीनदा करून पाहिलं. कॉम्प्युटर बंद-चालू झाला तरी मधल्या छोट्या स्विचमुळे मोठ्या स्विचची लिंक तुटत नव्हती, म्हणून त्याला पुन्हा वाट बघायला लावायचं कारणच उरत नव्हतं. एकही सेटिंग न बदलता दोष कुठे आहे ते कळलं. मग मोठ्या स्विचसमोर उभी राहिले आणि एका सहकाऱ्याला मशीन रीस्टार्ट करायला सांगितलं. त्या पोर्टचा दिवा विझला, नारिंगी झाला आणि नारिंगीच राहिला. मी मनात मोजत होते. तिसाला तो हिरवा झाला. गेले कित्येक आठवडे तो स्विच रोज सकाळी १६ वेळा हे सांगत होता आणि मी खाली टेबलापाशी केबल बदलत होते.

हा स्विच नवा होता. आधीच्या साध्या स्विचला स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलींचं वर्तुळ होऊ न देणारी पद्धत, माहीतच नव्हतं. नव्याला होतं, म्हणून लिंक जुळली की पोर्ट १५ सेकंद नुसतं ऐकायचं, पुढचे १५ सेकंद कोण कुठे आहे ते शिकायचं आणि मगच वाहतूक सोडायचं. आपला स्विच तर रॅपिड, म्हणजे जलद स्पॅनिंग ट्रीच्या प्रकारचा आहे, असं मी म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, ती घाई समोरचाही स्विच असेल तरच होते, कारण दोघे आपसांत बोलून ठरवतात. कॉम्प्युटर ती बोली बोलत नाही, मग पोर्ट जुन्या वेळेवर जातं.

मी लगेच म्हटलं, मग बंदच करून टाकते हे स्पॅनिंग ट्री. तुमचा आवाज त्या एकाच वेळी चढला. नेटवर्कतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये ते का रचलं, हे तुम्ही मला तेव्हा समजावलंत. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे केबलवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला, आयुष्याची मर्यादा नसते. कुणी चुकून एका केबलची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटात खुपसली, तर एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेला संदेश) गोल गोल फिरत वाढत राहतो आणि सगळं नेटवर्क बसवतो. ते ३० सेकंद त्या अपघातापासूनचं संरक्षण आहे. म्हणून फक्त कॉम्प्युटर आणि प्रिंटर जोडलेली पोर्टं एज पोर्ट (न थांबता लगेच वाहतूक सोडणारी) करायची, दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्याला हात लावायचा नाही, आणि एज पोर्टांवर बीपीडीयू गार्ड, म्हणजे स्पॅनिंग ट्रीच्या संदेशांवरचा पहारा लावायचा, म्हणजे कुणी तिथे स्पॅनिंग ट्री बोलणारा स्विच जोडला तर ते पोर्ट आपोआप बंद होईल. मला वाटतं, हे न सांगता तुम्ही फोन ठेवला असतात, तर मी उद्याचं मोठं संकट आजच्या सोयीसाठी ओढवून घेतलं असतं.

आणखी एक कबुली द्यायची राहिली आहे. नेटवर्कची वाट पाहणारी सर्व्हिस मी लिनक्सच्या मशीनवर आधीच बंद करून ठेवली होती, कारण सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. मशीन भराभर सुरू व्हायला लागलं आणि शेअर्ड फोल्डर गायब झाला. तुम्ही म्हणालात, ती बिचारी दारात उभी राहून वाट बघते, उशीर दुसराच करतो. मी ती पुन्हा सुरू केली. आता तिला यादीत शोधावं लागतं.

पोर्टांची सेटिंग बदलल्यावर १५ मशीन सुधारली. सोळावं दर कामाला ५ सेकंद अडत होतं. हा आकडा ऐकला की काय करायचं ते मला ठाऊक होतं, म्हणून तुम्हाला फोन केला नाही. त्याच्या डीएनएसच्या यादीत पहिला पत्ता आमच्या कधीच्या बंद झालेल्या सर्व्हरचा होता. तो काढला.

ताई, काल सकाळी मी मुद्दाम लवकर आले आणि घड्याळ घेऊन खिडकीजवळच्या टेबलामागे उभी राहिले. तिथे बसणाऱ्या आमच्या सहकारी बाईंनी मशीन सुरू केलं, पर्स खुंटीला लावली, वळल्या, आणि शेअर्ड फोल्डर उघडा होता. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "अगं, आज लगेच आलं!" नोंदीत बघितलं, तर लिंक जुळल्यापासून पत्ता मिळेपर्यंत २ सेकंद.

पुढच्या महिन्यात वरच्या मजल्यावरचा स्विच बदलायचा आहे. कोणत्या पोर्टला काय जोडलंय याची यादी तुम्ही सांगितलीत तशी हाताने, एकेक केबल धरत जात लिहिते आहे. पूर्ण झाली की तुम्हाला पाठवते. एकदा नजर टाकाल ना?

तुमची मनापासून ऋणी,
फोनवरची ती