मंत्री महोदय, नाला ओसरला, पण वावर गेलं

मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

उन्हाळ्यात आमच्या ग्रामसभेत तुमच्या खात्याचे साहेब आले होते. पावसाळा लागायच्या आत कारखान्याचं पाणी नाल्यात येणं बंद होईल, असं त्यांनी माईकवर सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि त्याच रात्री कारखान्यानं साठवलेलं सगळं पाणी नाल्यात सोडून दिलं. धुरा फोडून ते तांबूस, फेसाळ पाणी माझ्या वावरात घुसलं. नुकतीच टोबलेली सरकी जागीच सडली. बियाणं उधारीचं होतं.

साहेब आले, पण धो-धो पाऊस पडून गेल्यावर. नमुना घेतला तेव्हा नाल्यात निम्मं पावसाचंच पाणी होतं. वरून म्हणाले, "तुमचा भाग खारपाणपट्ट्याचा, जमीन मुळातच खारट." महोदय, खारपाण काय असतं ते पूर्णेच्या खोऱ्यातल्या माणसाला शिकवू नका. कारखान्याच्या वरच्या अंगाला, त्याच नाल्यावर, माझ्या चुलतभावाचं वावर आहे. तीच काळी माती, तोच पाऊस. त्याला एकरी आठ-नऊ क्विंटल कापूस होतो, मला तीनच्या वर जात नाही. गावातली शंभरेक एकर जमीन अशी झाली असेल. नक्की आकडा तुम्हीच काढा, मोजायला आजवर कोणी आलेलं नाही.

आणि हे नुकसान एका हंगामाचं नाही. त्या पाण्यातला सोडियम चिकणमातीच्या कणांवरच्या कॅल्शियमला हटवून स्वतः जागा धरतो. कण सुटे होतात, मातीची छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. पाऊस उघडला की शेजारी डवरे घेऊन निघतात, माझं वावर आठ-आठ दिवस वाफशावर येत नाही. वाळलं की वर पांढरा थर आणि खाली दगडासारखी ढेकळं, वखराची पास आत शिरत नाही. पऱ्हाटी गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडते.

सरकारच्या जमीन आरोग्य पत्रिकेवर नत्र, स्फुरद, पालाशपासून बोरॉनपर्यंत १२ गोष्टी तपासतात. सोडियम त्यात नाही. जे आमच्या मातीत ओतलं जातं, तेच तुमची पत्रिका मोजत नाही! पदरचे पैसे घालून तपासून घेतलं, सामू, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा, ८.९ निघाला, सोडियम वाढल्याचीच ही खूण. तलाठी म्हणतात, पंचनामा अतिवृष्टीचा होतो, कारखान्याच्या पाण्याचा नाही. म्हणजे आभाळानं मारलं तर चार पैसे मिळतील, माणसानं मारलं तर काहीच नाही.

देशात जलप्रदूषणाचा कायदा १९७४ पासून आहे. सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा चालू नसेल तर कारखान्याची वीज तोडा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं. कोणाची तोडली? आमच्या पंपांची थकबाकी होती तेव्हा अख्खी डीपी बंद केली होती. ओंबीवर आलेला गहू डोळ्यांदेखत वाळला. तेव्हा कोणी आम्हाला मुदत दिली नाही, समजून घेतलं नाही. कारखान्याला मात्र नोटीस, मग खुलासा, मग मुदतवाढ. हे राज्य कोणासाठी चालतं, हे गावातल्या लहान पोरालाही कळतं. विदर्भात उद्योग यावेत म्हणून आम्हीही मोर्चे काढले होते. आमच्या मातीच्या बदल्यात या, असं कोणी म्हटलं नव्हतं.

चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली, जमीन जिप्समनं सुधारते, पण खार धुवून काढायला गोडं पाणी लागतं आणि माझ्या विहिरीचं पाणीही आता जनावरं तोंडाला लावत नाहीत. हा खर्च मी का करू? राजस्थानातल्या बिछडी गावाच्या खटल्यात न्यायालयानं १९९६ सालीच स्पष्ट केलं की प्रदूषण करणाऱ्यानं नुकसानभरपाईही द्यायची आणि बिघडवलेलं पूर्ववत करण्याचा खर्चही उचलायचा. मग आमच्याकडेही तो कारखान्याकडून वसूल करा. नाल्यालगतच्या प्रत्येक वावराची माती आणि विहिरीचं पाणी सोडियमसाठी तपासा, नमुने आमच्यासमोर घ्या आणि अहवालाची प्रत ग्रामपंचायतीत लावा. तोवर कारखान्याचं पाणी नाल्यात सोडणं बंद.

उत्तर लेखी द्या, सही-शिक्क्यासह. माईकवरचं आश्वासन आम्ही आता घेणार नाही.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी
जि. अमरावती