पाटी नको, रांगेत बाकडं द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र वाचलं. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मानसोपचाराचा वेगळा विभाग हवा, त्यावर ठळक पाटी हवी, म्हणजे लोकांची भीड चेपेल, शिवाय औषधंही तिथेच मिळावीत, असं गुरुजींचं म्हणणं. तळमळीने लिहिलंय आणि निम्म्या पत्राला माझा दुजोराच आहे. पण ती पाटी मी लावून बघितली आहे. पदरचे साडेतीनशे रुपये घालून, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत रंगवून घेतली होती. तिचं काय झालं ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलेली, उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मनोसामाजिक कार्यकर्ती म्हणून कंत्राटी काम करते. ऑर्डर अकरा महिन्यांची असते, त्यामुळे खाली नाव नाही, समजून घ्यावं. तीन आरोग्य केंद्रांना वार वाटून दिलेत, उरलेल्या दिवशी घरभेटी. मी डॉक्टर नाही, गोळ्या लिहून देत नाही. माणसाला बोलतं करायचं, घरच्यांना समजावायचं, डॉक्टरांच्या कानावर घालायचं, गोळ्या चालू आहेत ना ते बघायचं, अपंगत्वाचा दाखला आणि संजय गांधी निराधार योजनेचे कागद जमवून द्यायचे. आणि एसटीचं वेळापत्रक पाठ ठेवायचं. हे शेवटचं मी गमतीने लिहिलेलं नाही.

तर पाटी. ‘मानसिक आरोग्य व समुपदेशन कक्ष’. खोली मिळाली ती औषधांच्या स्टोअरशेजारची, दारासमोरच ओपीडीची रांग. अडीच महिन्यांत अकरा माणसं आत आली. त्यातली चौघं ‘रक्त कुठे तपासतात’ हे विचारायला. एक बाई आली होती, चाळिशीची, दोन पोरं, नवरा मुंबईला. दारात घुटमळत होती म्हणून मी आतून नावाने हाक मारली, ‘या ना, आत या, घाबरू नका.’ अख्ख्या रांगेने माना वळवल्या. बाई आत आली, ‘गॅसची गोळी हवी होती’ म्हणाली आणि गेली. ती घरी पोचायच्या आधी बातमी वाडीत पोचली होती. नंतर मी तिच्याकडे तीनदा गेले. तिन्ही वेळा सासूने ‘भाताच्या खळ्यावर गेलीय’ म्हणून सांगितलं आणि तिन्ही वेळा परसात धुणं आपटल्याचा आवाज येत होता. चूक माझीच. कॉलेजात गोपनीयता शिकले होते, पण ती बंद दाराची. इथे दार लावून घेणं हीच दवंडी.

यात लोकांचं अज्ञान वगैरे फारसं नाही, गुरुजी. रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 पासूनचं, म्हणजे पाच पिढ्या आम्ही ते नाव ऐकतोय. ‘ह्याला रत्नागिरीला धाडा’ ही आमच्याकडे शाळेतली पोरंही एकमेकांना देतात अशी शिवी. तिथून बरा होऊन आलेला माणूस गावात सांगत फिरत नाही, त्यामुळे लोकांच्या लक्षात राहतो तो फक्त नेताना केलेला तमाशा. मनाचा आजार म्हटला की डोळ्यांपुढे तेवढंच येतं. मग ज्या बाईला नुसती झोप येत नाही, ती कशाला त्या पाटीखालून आत येईल?

मी पाटी उतरवली आणि मेडिकल ऑफिसरांना म्हटलं, मला मंगळवारी बीपी-शुगरच्या रांगेत बसू द्या. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासायचा सरकारचा कार्यक्रम आहे, त्यामुळे अख्खा गाव येतो आणि लाज कसलीच नसते. उलट ‘माझा एकशेऐंशीवर गेलेला’ असं छाती काढून सांगतात. सिस्टरनी पट्टा बांधायच्या आधी माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं असतं, नाहीतर चालून आल्याने बीपी जास्त दाखवतं. ती पाच मिनिटं मी मागून घेतली. बाकडं भिंतीकडे तोंड करून ठेवलं, म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड रांगेला दिसत नाही. पंखा मोठा आवाज करतो तो दुरुस्त करू नका म्हणून शिपाईमामांना सांगून ठेवलंय.

आमच्याकडे नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, सगळे मिळून 27. मराठी भाषांतरात ‘गेल्या दोन आठवड्यांत आपणांस खिन्न अथवा निराश वाटले का?’ असं काहीसं छापलेलं असतं. खिन्न हा शब्द मी आमच्या किनाऱ्यावर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. मी विचारते, ‘काकी, रात्री जाग कितीला येते? जेवण गोड लागतं का? हल्ली वाडीत जाता की नाही?’ कागद नंतर भरते.

अशीच एक काकी, साठी उलटलेली. बीपीची गोळी दोनदा वाढवली तरी बीपी खाली येईना. ‘मना काय नाय वो, जरा डोका धरतो.’ वाडीचं, म्हणजे तिच्या पोफळीच्या बागेचं, विचारलं तर गप्प झाली. मग म्हणाली, ‘वाडी कुठं ऱ्हायलीय आता?’ 3 जून 2020चं निसर्ग वादळ. सासऱ्याने लावलेल्या, नवऱ्याने शिंपलेल्या दीडशे पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. नवरा पुढच्याच वर्षी गेला. पोफळ नव्याने लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं, माडाला त्याहून जास्त. मुलगा नालासोपाऱ्याला, तो म्हणतो विकून टाक. कुणी तरी दिलेली रोपं पिशवीतच सुकून गेली. पहाटे 3ला जाग येते ती कोंबडा आरवेपर्यंत आढ्याकडे बघत पडून राहते. सगळं विचारून झाल्यावर बेरीज केली, 27पैकी 17 आली, म्हणजे नैराश्य बरंच होतं. वादळाचे पंचनामे झाले तेव्हा झाडं मोजली गेली. हे मोजायला चार वर्षांनी मी आले, तेही बीपीच्या मशीनशेजारी.

काकीला मी खोटं सांगितलं नाही. हा मनाचा आजार आहे, त्याची गोळी असते, डॉक्टर लिहून देतील, हे तिला सांगितलं, फक्त रांगेला नाही सांगितलं. या गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे तरी जातात, कधी त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळतं मात्र लगेच. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर. गोळी सुटते ती याच दिवसांत. म्हणून पहिल्या भेटीपेक्षा मी पाचव्या-सहाव्या दिवशीच्या भेटीला जपते, आणि ती बहुधा आशाताईंच्या भरवशावर होते. ‘काकीने गोळ्या डब्यात टाकल्यात’ हा निरोप त्यांच्याकडूनच आला होता. मी गेले, जेवणानंतर घे म्हटलं, अर्धा तास बसले. तिसऱ्या महिन्यात काकीने सोलं बांधून दिली आणि ‘पोफळीचं काय विचारू नको’ म्हणाली. पण मागीलदारी भेंडी लावली होती. भेंडी दोन महिन्यांत लागते.

आशाताईंचा विषय निघालाच आहे तर. घरोघरी जाऊन त्या जो सीबॅक फॉर्म (माणसाच्या आजारांच्या धोक्याची नोंद) भरतात, त्याच्या शेवटी मनाबद्दलचे दोन प्रश्न असतात. आमच्याकडचे फॉर्म चाळले तर तिथे ओळीने शून्य, शून्य. वरचे अधिकारी म्हणतात, आशा नीट विचारत नाहीत. अहो, पडवीत सासू तांदूळ निवडत बसलेली असताना सुनेला ‘तुझं मन लागतं का’ विचारल्यावर ती काय उत्तर देणार? तोच फॉर्म विहिरीवर भरा, आकडे बदलतील.

आता जिथे माझं गुरुजींशी पूर्ण जुळतं ते, औषधं. मोठ्या आजारांच्या गोळ्या आमच्या केंद्रात नियमित मिळत नाहीत. त्यासाठी महिन्यातून एकदा तालुक्याला डॉक्टर येतात तेव्हा जायचं. आमच्या खाडीपलीकडच्या एका वाडीत तिशीचा मुलगा आहे, कानात आवाज येण्याचा आजार. गोळीवर चांगला होता, काजूच्या कारखान्यात कामाला जायचा. एका जुलैत नेमक्या तालुक्याच्या त्या कॅम्पच्या दिवशी पुलावर पाणी आलं, वस्तीची एसटी आलीच नाही. पुढची तारीख सुट्टीची निघाली. नऊ आठवडे गोळीशिवाय गेले आणि गणपतीत, घर चाकरमान्यांनी भरलेलं असताना, तो रात्री कोयती घेऊन अंगणात उभा राहिला, कुणीतरी आत शिरतंय म्हणून. कुणाला इजा झाली नाही. पण कारखान्याने परत घेतलं नाही. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीपुढे तर फुकट, हे खरं, पण गाडी यायला तर हवी.

आणि यातली मेख कायद्यातच आहे. 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तसा चांगला. कलम 18 उपचारांचा हक्क देतं, ही सेवा प्राथमिक आरोग्यसेवेसह सगळ्या पातळ्यांवर इतर सेवांत मिसळलेली असावी असंही म्हणतं. पण त्याच कलमात अत्यावश्यक यादीतली औषधं मोफत देण्याची गोष्ट येते तिथे ‘सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर’ असं लिहिलंय. म्हणजे आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय. माझी तीनही केंद्रं त्याच्या खाली. माणसाचा हक्क गावात आणि गोळी तालुक्यात. 1982 साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला तोच मुळी मनाचे उपचार साध्या दवाखान्यात आणायचे म्हणून. शेजारच्या गोव्यात तर करूनही दाखवलंय. स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन त्यांना प्राथमिक केंद्रांत डॉक्टरांच्या जोडीला बसवलं, आणि सरकारी केंद्रांतले रुग्ण नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त प्रमाणात बरे झाले. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या पलीकडे जे जमतं ते अलीकडे का जमू नये?

एक बंदरावरचीही गोष्ट लिहिते. जून-जुलैची मासेमारी बंदी उठल्यावर बोटी बाहेर पडतात. बंदीत रोज पिणारा खलाशी समुद्रात गेला की दारू एकदम तुटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, नसलेली माणसं दिसायला लागतात. दोन वर्षांपूर्वी एकाला बोटीला दोरीने बांधून बंदरावर आणलं होतं. पाण्यातून आई बोलावतेय म्हणून उडी मारायला बघत होता. बोटीचा प्रमुख, तांडेल, म्हणाला, ‘समुद्रात काहीतरी लागलंय ह्याला.’ घरच्यांनी भगताला निरोप धाडलेला. भगताकडे जाऊ नका असं मी कुणाला सांगत नाही, नारळ ठेवा, अंगारा लावा. पण मारहाण किंवा मिरच्यांची धुरी दिली तर 2013चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे मात्र दरडावून सांगते. त्याला केंद्रात आणून इंजेक्शनं दिली आणि 108ने मोठ्या दवाखान्यात पाठवलं. हा प्रकार जिवावर बेततो. तो वाचला. आता तोच तांडेल जुलैच्या शेवटी मला फोन करतो, ‘ताई, आमच्या बोटीवर दोघं आहेत बघा.’ त्या दोघांना आधीच डॉक्टरांपुढे बसवून दारू हळूहळू सोडवता येते. त्यालाही मासळीच्या लिलावाच्या गर्दीत उभ्या उभ्या बोलणं पुरतं, कक्ष लागत नाही.

14416 या नंबरबद्दल गुरुजींनी लिहिलंय. टेली-मानस ही सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, 2022च्या ऑक्टोबरपासून आहे, चोवीस तास चालतो, मीही सगळ्यांना देते. फक्त आमच्याकडे रेंज देवळाच्या टेकाडावर येते आणि म्हाताऱ्यांचे फोन कायम स्पीकरवर असतात.

तेव्हा मागायचंच असेल तर आपण मिळून एवढं मागू या, की महिन्याच्या गोळ्या प्राथमिक केंद्रात मिळाव्यात आणि पावसाळ्यात दोन महिन्यांच्या एकदम. आणि माझ्यासारख्यांची ऑर्डर निदान इतकी लांब असावी की काकीची भेंडी संपून पोफळ लावायची वेळ आली तर मी तिथे असेन.

पाटी अजून शाबूत आहे. शिपाईमामांनी ती केंद्रामागच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवली आहे, अक्षरं खाली करून. गुरुजींना हवी असल्यास घेऊन जावी, पण टाकीला दुसरं झाकण आणून द्यावं.

आपली,
एक मनोसामाजिक कार्यकर्ती, उत्तर रत्नागिरी
(नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)