गाळलेले नाव

सोल, १२ जानेवारी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

सोलजवळच्या फोछॉनमधील शेतमजुरांवरचा माझ्या पॉडकास्टचा भाग ऐकून तू विचारलेस, की शेतमालकाचे नाव मी का गाळले, भ्यालो का? होय, थोडा भ्यालो. पण कारण तेवढेच नाही.

इथल्या, म्हणजे दक्षिण कोरियाच्या, दंडसंहितेच्या ३०७ व्या कलमानुसार खरी गोष्ट सांगूनही कोणाची अब्रू गेली, तर तो गुन्हा ठरू शकतो. सार्वजनिक हितासाठी ३१० व्या कलमात सूट आहे, परंतु ते हित पटवून द्यायचे न्यायालयात, आणि तोवर वकिलाची फी आपणच भरायची. घटनात्मक न्यायालयाने २०२१ मध्ये ३०७ व्या कलमाची ही तरतूद ५ विरुद्ध ४ मतांनी कायम ठेवली. मोठ्या वृत्तपत्राच्या पाठीशी वकील असतात. मी कपाटाच्या दाराला गोधडी अडकवून एकटाच बोलतो.

इथे पॉडकास्टला वजन आले ते २०११ मध्ये, किम ओ-जुन आणि त्यांच्या सोबत्यांच्या 'नानुन कोमसुदा' या राजकीय पॉडकास्टमुळे. त्यांतले चोंग बोंग-जू २००७ च्या निवडणुकीतील विधानांवरून २०११ च्याच डिसेंबरात तुरुंगात गेले. पुढे ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा पहिल्याच फर्मानाने सगळी माध्यमे लष्कराच्या नियंत्रणाखाली आणली, आणि सैनिक किम यांच्या स्टुडिओपर्यंत पोहोचले. संसदेने १९० मतांनी तो कायदा उठवण्याची मागणी करीपर्यंत मी फोन हातातून खाली ठेवला नाही.

आता त्या भागात जिची मुलाखत आहे, त्या शेतमजूर बाईविषयी. फोछॉनमध्येच डिसेंबर २०२० मध्ये हरितगृहातल्या निवाऱ्यात एक कंबोडियन कामगार स्त्री ऐन थंडीत मरण पावली होती, आणि ही बाईही तशाच निवाऱ्यात राहते. मुलाखतीत मागे जो फडफडाट ऐकू येतो, तो भिंत म्हणून लावलेल्या प्लास्टिकचा आहे; तो मी मुद्दाम ठेवला. मालकाचे नाव तिने तीन वेळा घेतले, तिन्ही वेळा ठामपणे. परंतु परदेशी कामगाराचा परवाना मालकाशी बांधलेला असतो आणि मध्येच नोकरी बदलणे फार कठीण असते, त्यामुळे ते नाव प्रसारित झाले असते, तर पहिला फटका तिलाच बसला असता. मी खटला लढलो असतो. तिचे छप्पर गेले असते.

तिचा करार मार्चअखेर संपतो आणि त्यानंतर तिला दुसरीकडे जाता येईल. ती गेली, की तिची संमती पुन्हा विचारीन, वकिलाला दाखवीन आणि तो भाग नावासह पुन्हा काढीन. मूळ ध्वनिमुद्रण मी तोवर जपून ठेवले आहे.

तुझा,
मित्र