ओहायोशी सामना घेतलाच नसता तर

कोलंबस, ओहायो
14 डिसेंबर 2025

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. ऑस्टिनला टेक्सस विद्यापीठात शिकणारा तुझा भाचा, त्यांचा फुटबॉल संघ गेल्या रविवारी विजेतेपदाच्या बाद फेरीतून (प्लेऑफमधून) वगळला गेल्यापासून कुणाशी धड बोलत नाही, असे तू लिहिले आहेस आणि त्याचा प्रश्नही जसाच्या तसा कळवला आहेस: "मामा, ओहायोशी सामना घेतलाच नसता तर?" ओहायो म्हणजे आमचा ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ. हाच प्रश्न सध्या येथे प्रशिक्षकांपासून माझ्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉलेज फुटबॉलच्या (हातात चेंडू घेऊन पळायचे ते अमेरिकन फुटबॉल) संघाला हंगामात बारा सामने मिळतात. त्यांतले आठ-नऊ आपापल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या गटात, ठरलेले असतात. उरलेले तीन-चार कोणाशी खेळायचे हे विद्यापीठ स्वतः ठरवते, आणि तेही पुष्कळदा काही वर्षे आधी. येथे बहुतेक बडे संघ लिंबूटिंबूंना घरी बोलावतात, त्यांच्या हातावर घसघशीत रक्कम ठेवतात आणि विजय पदरात पाडून घेतात. हंगामाच्या शेवटी निवड समिती प्लेऑफसाठी बारा संघ निवडते, तेव्हा त्या विजयांची भर हिशेबात पडतेच.

यंदा मी येथील स्टेडियममध्ये लागोपाठ दोन शनिवार बसलो होतो. 30 ऑगस्टला टेक्सस आला होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांचा चौथा आणि शेवटचा प्रयत्न होता, गोलरेषा अवघ्या एका यार्डावर होती. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारा मुख्य खेळाडू, आर्च मॅनिंग चेंडू पोटाशी धरून स्वतःच आत घुसला आणि माणसांच्या ढिगाऱ्यात अडकला. पंच तो ढीग उपसत होते तेवढा वेळ लाखभर माणसे श्वास रोखून उभी होती. ओहायो स्टेट 14-7 असे जिंकले. पुढच्या शनिवारी त्याच मैदानावर ग्रँबलिंग स्टेटविरुद्ध 70-0 झाले, आणि मध्यंतरानंतर माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा खिशातून शब्दकोडे काढून सोडवत बसले. खासबागेच्या कुस्ती मैदानात बरोबरीची जोड नसली की लोक काय करतात, हे तुला कोल्हापुरात बसून मी सांगायला नको.

आता टेक्ससच्या तक्रारीकडे येतो. नऊ विजय आणि तीन पराभव झालेला हा संघ प्लेऑफबाहेर राहिला. ओहायोऐवजी एखादा सोपा संघ घेतला असता तर आपले दहा विजय झाले असते, असे प्रशिक्षक स्टीव्ह सार्किसियन यांचे म्हणणे आहे. हिशेब बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे. साऱ्या हंगामात केवळ चार सामने जिंकलेल्या फ्लोरिडाने टेक्ससला 29-21 असे हरवले, आणि तो सामना काही हौसेने घेतलेला नव्हता, तो कॉन्फरन्समधलाच होता. त्या खड्ड्यात पडल्यावर ओहायोकडे बोट दाखवणे मला पटत नाही. शिवाय मायामीकडे पाहा. त्यांनी पहिल्याच आठवड्यात नोत्र दामला 27-24 असे हरवले होते. शेवटी दोघांचेही दहा विजय आणि दोन पराभव झाले, तेव्हा त्या एका सामन्यानेच मायामीला आत घेतले आणि नोत्र दामला बाहेर ठेवले. अवघड सामना जिंकला तर तो डिसेंबरात असा उपयोगी पडतो.

माझ्या मताला अडचण आहे ती इंडियानाची. ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट आणि इंडियाना स्टेट असे तीन सोपे सामने त्यांनी घेतले, आणि आज तोच संघ अपराजित राहून पहिल्या क्रमांकावर आहे. मी त्यांना नावे ठेवणार होतो, पण गेल्या आठवड्यात त्यांनी आमच्या ओहायोलाच 13-10 असे हरवले, त्यामुळे गप्प बसलो आहे. मात्र त्यांचे पाहून उद्या सगळेच सोपी वाट धरतील ही भीती खरी आहे. म्हणूनच 2026पासून टेक्ससच्या कॉन्फरन्सने नऊ अंतर्गत सामन्यांखेरीज बाहेरच्या एका तगड्या संघाशी खेळणे सक्तीचे केले आहे, हे मला योग्य वाटते. सगळ्यांवर सक्ती असली की पळवाट काढण्याचा मोह राहत नाही.

लहान कॉलेजांना मात्र अजिबात बोलावू नये, असे मी म्हणणार नाही. मिळालेल्या पैशांवर त्यांचे इतर खेळ चालतात, आणि कधीकधी 2007 सालासारखेही घडते. त्या वर्षी ओहायोच्या कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनने चार लाख डॉलर देऊन ॲपलाचियन स्टेटला बोलावले आणि स्वतः 34-32 असा मार खाल्ला. ओहायोत ही गोष्ट आजही मोठ्या चवीने सांगतात.

परतीच्या सामन्यासाठी ओहायोचा संघ 12 सप्टेंबर 2026 रोजी ऑस्टिनला जाणार आहे. तो रद्द व्हावा असे वाटते का, एवढेच भाच्याला विचार. नको म्हणाला, तर माझ्यासाठी एक तिकीट राखून ठेवायला सांग.

वहिनींना नमस्कार.

तुझा बालमित्र