विषय: ई-सायकलच्या बॅटरीची वॉरंटी नाकारल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी मी आपल्या नागपूर येथील विक्रेत्याकडून ई-सायकल खरेदी केली. तिच्या ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर क्षमतेच्या लिथियम-आयन बॅटरीवर दोन वर्षांची वॉरंटी असताना, आपल्या सेवा केंद्राने २० जून २०२५ रोजी ‘ग्राहकाची चुकीची हाताळणी’ एवढाच शेरा मारून ती परत केली. माझी हरकत त्या शेऱ्याला आहे.

मुलीच्या बाळंतपणासाठी एप्रिलअखेरीस मी सहा आठवडे ठाण्याला गेले होते. ‘वापर नसताना बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी’ असे आपल्या माहितीपुस्तिकेत पान ६ वर छापले आहे, म्हणून चार्जरचा दिवा हिरवा होईपर्यंत ती चार्ज करून वरच्या मजल्यावरील खोलीत ठेवली. परतल्यावर, एरवी पस्तीस किलोमीटर चालणारी सायकल बाविसाव्या किलोमीटरलाच बंद पडू लागली. सेवा केंद्रातील तंत्रज्ञाने बॅटरी तपासून, ‘मॅडम, पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात अशी ठेवायची नसते,’ असे मलाच सुनावले.

त्यांचे म्हणणे योग्य आहे. लिथियम-आयन बॅटरी दीर्घकाळ ठेवायची तर साधारण निम्मी चार्ज करून थंड जागी ठेवावी लागते. पूर्ण चार्ज आणि नागपूरचा मे महिना एकत्र आले की तिची क्षमता लवकर घटते. पूर्ण चार्ज करून ठेवण्याचा नियम लेड-ॲसिड बॅटरीचा आहे. त्याच पानावर ‘पाण्याची पातळी तपासून डिस्टिल्ड वॉटर भरावे’ अशीही सूचना असल्याने, हा मजकूर जुन्या स्कूटरच्या पुस्तिकेतून जसाच्या तसा उचलला असावा असे दिसते. चहूबाजूंनी सीलबंद असलेल्या डब्यात पाणी कुठून ओतायचे, हे मला अद्याप उमगलेले नाही.

चार्जर आपलाच वापरला, फिरून आल्यावर बॅटरी निवल्याशिवाय चार्जिंगला लावली नाही, आणि तिचे सीलही शाबूत आहे. तेव्हा दोष सेलमध्ये असो वा आपल्या सल्ल्यात, त्याची जबाबदारी माझ्यावर येत नाही.

तरी बॅटरी विनामूल्य बदलून द्यावी आणि पान ६ दुरुस्त करून सर्व ग्राहकांना कळवावे, कारण दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणारे कित्येक जण तेच वाचून बॅटरी भरून ठेवतील. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
एक ग्राहक, नागपूर
२ जुलै २०२५

सोबत: खरेदीची पावती, वॉरंटी कार्ड, पान ६ ची छायाप्रत