ताई, दराआधी वेळ विचारलीत म्हणून

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सल्ल्याने आमच्या दादरच्या पतसंस्थेचा क्लाउड बॅकअप (डेटाची इंटरनेटवरून दूर ठेवलेली राखीव प्रत) अखेर मार्गी लागला. फोनवर आभार मानून झालेच आहेत. पण तुम्ही सांगितलेलं आमच्यासारख्या इतर छोट्या संस्थांच्याही कामी येईल, म्हणून हे उघड पत्र.

तुम्ही आलात तेव्हा समितीचं जवळपास ठरलं होतं. सगळी व्हर्च्युअल मशिन्स (सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालणारे संगणक) ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये, म्हणजे क्वचित लागणाऱ्या डेटाच्या स्वस्त साठ्यात, टाकायची, कारण दर सगळ्यात कमी. तुम्ही दराचा विषयच काढला नाहीत. "सोमवारी सकाळी सर्व्हर बसला, तर काउंटर कधी सुरू व्हायला हवं?" खजिनदार म्हणाले, अकरापर्यंत. मग तुम्ही पेनाचं टोक दरपत्रकातल्या बारीक अक्षरांवर टेकवलंत: डेटा बाहेर काढायला 12 तासांपर्यंत, आणि लवकर पुसला तरी भाडं किमान 180 दिवसांचं. आमचा रोजचा बॅकअप ठेवायचा 30 दिवस! खजिनदारांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. आता ताजे बॅकअप एस-थ्री स्टँडर्डमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्याच डेटा लगेच देणाऱ्या साठ्यात जातात, मार्चअखेरची फुल कॉपी तेवढी डीप आर्काइव्हला.

जागेचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. पावसात तुंबणारं हिंदमाता आम्हाला हाकेच्या अंतरावर, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. ॲमेझॉनचं मुंबई रीजन (एका भागातल्या डेटा सेंटरांचा समूह) 2016 पासून आहे, तिथे एस-थ्री स्टँडर्डचा डेटा किमान तीन झोनमध्ये, म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या डेटा सेंटरांत राहतो. तरीही ऑफिस, सर्व्हर आणि बॅकअप असं सगळं एकाच शहरात नको, म्हणून दुसरी प्रत हैदराबाद रीजनला. डेटा देशातच राहतो, त्यामुळे संचालक मंडळानेही कुरकुर केली नाही.

खरी मोलाची गोष्ट मात्र ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत फाइल पुसू न देणारं कुलूप. रॅन्समवेअरवाले (डेटा अडकवून खंडणी मागणारे) हल्ली आधी बॅकअप शोधून पुसतात, मग सर्व्हरला हात घालतात. या कुलपाच्या कंप्लायन्स मोडमध्ये मुदत संपेपर्यंत रूट युजरलाही (खात्याच्या मुख्य मालकालाही) फाइल पुसता येत नाही. मी उत्साहात तोच लावायला निघालो, तर तुम्ही म्हणालात, "आधी गव्हर्नन्स मोड, म्हणजे खास परवानगी असेल तर कुलूप काढता येतं तो, एक दिवसाची मुदत. कंप्लायन्समध्ये टाकलेली मुदत कमी करता येत नाही, शून्य जास्त पडलं तर भाडं भरत बसाल." बॅकअपचं खातंच वेगळं ठेवायला लावलंत, तिथल्या लॉगिनला लिहिण्या-वाचण्याची मुभा, पुसण्याची नाही. एन्क्रिप्शनची किल्ली केएमएसमध्ये (ॲमेझॉनच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या सेवेत), आणि ती काढून टाकायची म्हटली तरी मधे पूर्ण 30 दिवस थांबावं लागेल अशी सोय. (सात दिवसही चालतात, पण आमच्याकडे गणपतीच्या सुट्टीतच आठवडा निघून जातो.)

शनिवारी बॅकअपवरून मशीन परत उभं (रिस्टोअर) करून पाहिलं. मशीन सुरू झालं, लॉगिनची खिडकी आली, आम्ही टाळ्या वाजवल्या. तुम्ही खुर्चीतून हललाच नाहीत. "एखादं खातं उघडा आणि शिल्लक दाखवा." शिल्लक जुळली, तेव्हा कुठे चहा घेतलात. आता दर तिमाहीला तसंच करतो, आणि शिल्लक जुळवायला आयटीतला नव्हे, काउंटरवरचा माणूस बसतो.

तुमचं बिल अजून आलेलं नाही. सेक्रेटरी भेटतील तेव्हा विचारतात, वार्षिक सभेआधी पाठवा, नाहीतर ऑडिटर मलाच धरतील.

आपला,
पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळणारा