अडकलेल्या प्रवाशांवर चिडण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आडरानात अडकलेले प्रवासी आणि त्यांना एकेक करून टिपणारा खुनी, या धाटणीच्या, म्हणजे ‘स्लॅशर’ सिनेमावर ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांच्या प्रतिक्रिया आपल्या पुरवणीत आल्या. बहुतेकांचं म्हणणं चार तक्रारींत मावतं. पात्रं मूर्ख आहेत, मोबाईल असताना असं घडत नाही, अंधारात काही दिसलं नाही, आणि भीती वाटण्याऐवजी नुसतं दचकायला झालं. चारही तक्रारी रास्त आहेत. पण पहिल्या दोन पटकथाकाराकडे न्यायला हव्यात आणि शेवटच्या दोन बऱ्याचदा चित्रपटगृहाकडे. सरसकट ‘फालतू पिक्चर’ म्हणून मोकळं झालं की दोघेही सुटतात.

आधी पात्रांचा मूर्खपणा. अशा सिनेमाला पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत एक काम चोख करावं लागतं. सुटकेचा जो जो मार्ग प्रेक्षकाला सुचेल तो त्याला सुचण्याआधी बंद करायचा. १९७४ च्या ‘द टेक्सस चेन सॉ मॅसेकर’मध्ये व्हॅन धडधाकट असते, पण पंपावर पेट्रोलच नसतं. मग जवळच्या घरी पेट्रोल मागायला जाणं हा मूर्खपणा उरत नाही, आपणही तेच केलं असतं. दिग्दर्शक वेस क्रेव्हनच्या १९७७ च्या ‘द हिल्स हॅव आइज’मध्ये वाळवंटात गाडीचा अ‍ॅक्सल मोडतो. ते कुटुंब शहाण्यासारखं वागतं. वडील मागच्या पंपाकडे चालत निघतात, जावई पुढच्या दिशेला जातो, बाकीचे ट्रेलरपाशी थांबून रेडिओवरून मदत मागत राहतात. यांना वेड्यात काढता येत नाही, म्हणूनच त्यांच्यासाठी जीव खालीवर होतो. उलट काहीही कारण नसताना ‘तू इकडे बघ, मी तिकडे बघतो’ असं म्हणून टोळकं पांगलं, तर प्रेक्षक तिथेच सिनेमातून बाहेर पडतो.

गाडीचंच घ्या. फॅन बेल्ट तुटला की अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर वीज तयार करणारं यंत्र, थांबतो आणि बॅटरीचं चार्जिंग बंद होतं. अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो, त्यामुळे काही मिनिटांत इंजिन तापतं आणि गाडी उभी करावीच लागते. इथवर पटकथा सहसा बरोबर असतात, घोळ होतो तो पुढे. उभ्या गाडीचे हेडलाइट रात्रभर लख्ख जळताना दाखवतात. ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीतून नऊ-दहा अँपिअर खेचतात. लहान गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तीन-साडेतीन तासांत बसते, जुनी असली तर त्याच्याही आधी. दिवे पिवळट होत जातात, मग स्टार्टर नुसता टक् करतो. जाणत्या दिग्दर्शकाला यात भीतीचं आयतं घड्याळ मिळतं, आणि ते फुकट घालवलेलं पाहून वाईट वाटतं.

पंक्चरचंही तसंच. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला तर हवा हळूहळू उतरते, हवा भरत भरत पुढचं गाव गाठता येतं. प्रवाशांना खरोखर अडकवायचं असेल तर दोन टायर जायला हवेत, कारण स्टेपनी एकच असते. नाहीतर टायर कडेला फाटलेला हवा, तिथे पंक्चरचा किट चालत नाही, आणि स्टेपनीत हवा नाही हे निघतानाच ओझरतं दिसलेलं हवं. माळशेज किंवा कसारा घाटातून ये-जा करणाऱ्या ठाणेकराला हे सगळं पाठ असतं. इथे त्याला गंडवलं की तो चिडतो आणि राग काढतो पात्रावर.

मोबाईलबाबत तर पटकथाकार फारच आळस करतात. पडद्यावर क्षणभर ‘नो नेटवर्क’ दाखवलं की विषय संपला असं त्यांना वाटतं. पण घाटात रेंज वळणावळणाला बदलते. डोंगर आडवा आला की ती जाते आणि थोडं वर चढलं की येते, हे आपल्याकडच्या कुठल्याही ट्रेकरला ठाऊक आहे. शिवाय स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर आवाक्यात असेल तर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक लागू शकतो. त्यामुळे तिथे कुठल्याच कंपनीचा टॉवर पोचत नाही हे एखाद्या संवादात तरी यायला हवं. गंमत म्हणजे रेंज शोधायला दोघांनी टेकडीवर जाणं हे टोळकं पांगण्याचं सगळ्यांत पटणारं कारण आहे. ते हाताशी असताना नको ती कारणं रचली जातात. दुसरा मार्गही आहे. २०१५ च्या ‘एनएच १०’मध्ये पोलिसापर्यंत पोचूनही सुटका होत नाही, त्यामुळे ‘फोन का नाही केला’ हा प्रश्नच लंगडा पडतो.

‘नुसतं रक्त’ अशीही काहींची तक्रार असते, ती मात्र थोडी तपासून करावी. ‘टेक्सस’मध्ये दिसणारं रक्त अगदी कमी आहे. मांस टांगायचा आकडा अंगात शिरताना दिसत नाही, तरी तो पाहिल्याचं लोक शपथेवर सांगतात. १९६० च्या ‘सायको’त तर न्हाणीघरातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप होतं, कृष्णधवल चित्रणात ते खपून गेलं. आपल्याला जे आठवतं त्यातलं पडद्यावर किती होतं आणि संकलनाने आपल्या डोक्यात किती उभं केलं, एवढं पाहून मग लिहावं.

आता चित्रपटगृहाकडे. या सिनेमाचा निम्मा भाग रात्रीचा, आणि त्याचं चित्रण अंधारातले तपशील दिसावेत अशा बेताने केलेलं असतं. टूडी खेळासाठी पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लँबर्ट, म्हणजे ४८ कँडेला प्रति चौरस मीटर, इतका उजेड हे मान्य प्रमाण आहे. दिवा जुना झाला की तो उतरतो. आधीच्या थ्रीडी खेळाचा फिल्टर लेन्ससमोर तसाच राहिला तर निम्म्याहून अधिक उजेड जातो. झाडाआड उभा असलेला मुखवटा दिग्दर्शकाने दाखवलेला असतो, आपल्यापर्यंत पोचतो तो काळा ठिपका. काही सभागृहांत थ्रीडीसाठी बसवलेला चंदेरी पडदा असतो. तो मध्यभागी चकाकतो आणि कडेच्या खुर्चीवरून मंद दिसतो. अशा ठिकाणी रात्रीचा सिनेमा पाहायचा असेल तर तिकीट काढताना मधल्याच खुर्च्या घ्याव्यात.

आवाजाचं दुखणं याहून मोठं. चित्रपटगृहाचा आवाज सांभाळणाऱ्या डॉल्बीच्या प्रोसेसरवर ७ हा आकडा म्हणजे ज्या पातळीला स्टुडिओत ध्वनिमिश्रण झालं ती पातळी. त्या आकड्यावर पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर चाचणीच्या आवाजाला ८५ डेसिबल देईल असा बसवलेला असतो. हाणामारीच्या सिनेमांचा आवाज फार होतो अशी ओरड झाली की फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, ५ वर किंवा त्याच्याही खाली आणला जातो आणि पुढच्या सिनेमालाही तिथेच राहतो. ७ वरून ५ म्हणजे साधारण साडेसहा डेसिबल कमी. याने किंकाळ्या आणि दणके मरत नाहीत. मरतात ते बारीक आवाज. पाचोळ्यावरचं पाऊल, दाराची कडी, मागच्या स्पीकरमधून येणारा श्वास, सगळं एसीच्या घरघरीखाली गाडलं जातं. दहशत तर याच आवाजांतून साचत असते. ती साचलीच नाही की दणका नुसता दणका उरतो आणि प्रेक्षक घरी जाऊन म्हणतो, उगाच दचकवतात.

त्यात मध्यंतर. ‘टेक्सस’ ८३ मिनिटांचा, १९७८ चा ‘हॅलोवीन’ ९१ मिनिटांचा. असे सिनेमे एका दमात पाहायचे म्हणून बांधलेले असतात. आपल्याकडे ते मधोमध तोडतात, आणि नेमकी तेव्हाच पकड बसू लागलेली असते. ‘टेक्सस’मध्ये पहिला खून होतो तोच मुळी अर्धा तास उलटून गेल्यावर. तिथे दिवे लावून पॉपकॉर्नची रांग लावली तर उत्तरार्ध पुन्हा शून्यापासून तापवावा लागतो. शंभर मिनिटांच्या आतल्या स्लॅशरला मध्यंतर देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. उशिरा येणाऱ्यांचंही तेच. ‘सायको’च्या वेळी खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये असा दिग्दर्शक हिचकॉकचा आग्रह होता. इथे लोक टॉर्च लावून खुर्ची शोधत शिरतात तेव्हा पडद्यावर पेट्रोलचा काटा, रिकामी स्टेपनी आणि गेलेली रेंज दाखवून झालेली असते. मग ‘हे पळून का जात नाहीत’ असं तेच विचारतात.

‘लोक हसत होते’ असंही काहींनी लिहिलं आहे. दणक्यानंतर लगेच सगळं सभागृह हसतं आणि पुन्हा चिडीचूप होतं, तेव्हा सिनेमा लागू पडलेला असतो. हसू दणक्याच्या आधीच, कोपऱ्याकोपऱ्यांतून शेरेबाजीसह येऊ लागलं तर तो फसला आहे. प्रतिक्रिया लिहिणाऱ्याने हसू नेमकं कधी आलं ते सांगितलं तर वाचणाऱ्याला काही कळेल.

आपल्याला विनंती, की अशा प्रतिक्रिया मागवताना सिनेमा चित्रपटगृहात पाहिला की घरी टीव्हीवर, खुर्ची मधली होती की कडेची, आणि सुरुवात चुकली होती का, एवढं विचारून घ्यावं. वाचकांनाही सांगणं आहे. चित्र मंद वाटलं किंवा कुजबुज ऐकू आली नाही, तर पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर जाऊन ड्युटी मॅनेजरला गाठावं. ‘नीट दिसत नाही’ असं मोघम न सांगता ‘थ्रीडीचा फिल्टर लेन्ससमोर राहिला आहे का बघा’, ‘फेडर कितीवर आहे, थोडा वाढवा’ असं नेमकं सांगावं. फेडर तर खेळ न थांबवता क्षणात वाढवता येतो.

आपला नियमित वाचक,
पाचपाखाडी, ठाणे (प.)